स्मृतीची दोन कार्ये आणि आपली एकच बाटली

माघ-फाल्गुन उजाडला की आमच्या खंडाळ्याच्या चिकित्सालयात 'स्मरणशक्तीचे औषध' मागणाऱ्यांची वर्दळ वाढते. दहावी-बारावीच्या मुलांना घेऊन त्यांच्या माता येतात. घरातील वृद्धांना घेऊन मुले-सुना येतात, त्या मात्र वर्षभर केव्हाही. पहिल्यांची तक्रार 'वाचलेले लक्षात राहत नाही' अशी, तर दुसऱ्यांची 'हल्ली फार विसरतात' अशी. या दोन्ही तक्रारींवर आपल्यापैकी बहुतेकांच्या फडताळातून एकच बाटली बाहेर येते. आमच्याही फडताळातून अनेक वर्षे ती येत असे. ही सवय आपण सोडावी, आणि स्मृतीविषयी बोलताना 'हे सारे आमच्या संहितांत आधीच सांगितले आहे' ही दुसरी सवयही सोडावी, असे आमचे मत आहे. त्यामागची कारणे वैद्यबंधू-भगिनींपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

एक चूक

प्रथम आमच्या हातून घडलेली चूक सांगणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका गावचे वयोवृद्ध वारकरी आमच्याकडे आणले गेले. त्यांना मधुमेह होता व त्यासाठी आधुनिक औषधाच्या गोळ्या चालू होत्या. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, आप्पा विसरायला लागलेत." आम्ही आप्पांशी बोलू लागलो. हरिपाठाचा आरंभ करून देताच त्यांनी पुढचे सारे अस्खलित म्हटले. नीरा ओलांडून पालखी लोणंदला येते तेव्हाचे वर्णन त्यांनी असे केले की ऐकणारा तेथे जाऊन पोहोचावा. आम्ही निश्चिंत झालो. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, "गेल्या साली लोणंदला पावसानं राहुट्या भिजल्या." मुलगा हळूच म्हणाला, "ते तीन वर्षांमागचं. जुनं सगळं तोंडपाठ आहे त्यांना, पण सकाळची गोळी घेतली का नाही, ते सांगता येत नाही." हे वाक्य आम्ही ऐकले, पण त्याकडे लक्ष दिले नाही. वयोमानाप्रमाणे चालायचेच, असे सांगून एक मेध्य कल्प लिहून दिला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच एका सकाळी आप्पांनी साखरेची गोळी दोनदा घेतली. घामाने डबडबलेले, अर्धवट शुद्धीत ते अंगणात सापडले. रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत घसरली होती. वेळेत रुग्णालयात नेल्यामुळे ते वाचले. पुढे मुलाने ती औषधाची पट्टी आमच्या मेजावर आणून ठेवली. तो काही बोलला नाही, आणि आमच्यापाशीही बोलण्यासारखे काही नव्हते.

ज्या मनुष्यास संपूर्ण हरिपाठ मुखोद्गत आहे, त्यास आजची गोळी आणि कालची गोळी वेगळी ठेवता येत नाही, हे कसे? स्मृती जर एकच वस्तू असती, तर ती एकतर शाबूत असावयास हवी, नाहीतर क्षीण. या प्रश्नाचे उत्तर आम्हांस गेल्या काही दशकांतील मेंदूविज्ञानात सापडले.

एका अवयवाची दोन कामे

मेंदूच्या दोन्ही अंगांस, कानशिलामागील खंडाच्या आतील बाजूस, हिप्पोकॅम्पस नावाची वळलेली रचना आहे. समुद्रघोड्याशी असलेल्या साम्यावरून सोळाव्या शतकातील एका इटालियन शारीरतज्ज्ञाने तिला हे नाव दिले. तिचे महत्त्व जगाला ठसठशीतपणे कळले ते हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णामुळे. अपस्मार आटोक्यात यावा म्हणून १९५३ साली त्यांच्या मेंदूतील हा भाग दोन्ही बाजूंनी मोठ्या प्रमाणात काढण्यात आला. त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत नव्या घटनांची स्मृती त्यांच्या मनात रुजलीच नाही. बालपणीच्या अनेक गोष्टी मात्र ते सांगू शकत. ब्रेंडा मिल्नर यांनी केलेल्या त्यांच्या अभ्यासातून स्मृतीचे प्रकार वेगवेगळे असतात, हे स्पष्ट झाले.

पुढील संशोधनाने हिप्पोकॅम्पसच्या अंतर्भागातही कामाची वाटणी असल्याचे दाखविले. त्यातील डेंटेट गायरस हा भाग सारख्या दिसणाऱ्या दोन अनुभवांच्या नोंदी एकमेकींपासून दूर ठेवतो. यास शास्त्रज्ञ पॅटर्न सेपरेशन म्हणतात, आपण 'पृथक्करण' म्हणू. सीए-३ हा भाग अपुऱ्या खुणेवरून संपूर्ण अनुभव उभा करतो. त्यास पॅटर्न कम्प्लीशन म्हणतात, आपण 'पूर्ती' म्हणू.

पृथक्करण कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. उंदराच्या मेंदूत डेंटेट गायरसकडे वार्ता आणणाऱ्या पेशी सुमारे दोन लाख आहेत, तर ती स्वीकारणाऱ्या पेशी सुमारे दहा लाख. शिवाय या दहा लाखांपैकी एका वेळी अगदी थोड्याच जागृत होतात. एका लहान धर्मशाळेत दोन दिंड्या लागोपाठ उतरल्या, तर दुसऱ्या दिंडीतील वारकरी पहिल्यांच्याच जागी झोपणार. तेच वारकरी लोणंदच्या विस्तीर्ण पालखीतळावर विखरून उतरले, तर दोन्ही दिंड्यांच्या जागा सहसा एकमेकींवर येणार नाहीत. कालच्या सकाळची आणि आजच्या सकाळची नोंद अशीच वेगवेगळ्या जागी पडते.

पूर्तीची रचना याहून निराळी आहे. सीए-३ मधील पेशी परस्परांशी दाट जोडलेल्या असतात. उंदरात अशा एका पेशीस तिच्याच जातीच्या इतर पेशींकडून सुमारे बारा हजार जोडण्या मिळतात, तर डेंटेट गायरसकडून सुमारे पन्नासच, पण त्या प्रबळ असतात. या परस्परबंधामुळे काही पेशी जागृत झाल्या की उरलेल्या सोबतिणीही जागृत होतात आणि अर्ध्या खुणेवरून पूर्ण चित्र उमटते. अशा जाळ्याचे गणित डेव्हिड मार या ब्रिटिश संशोधकाने १९७१ सालीच मांडले होते. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने पुढे उंदरांवर त्याची प्रचिती दिली. २००२ सालच्या प्रयोगात सीए-३ मधील एक विशिष्ट ग्राही घटक नाहीसा केलेल्या उंदरांना चारही खुणा असताना पाण्यातील लपलेला ओटा सापडे, पण एकच खूण उरली की ते चाचपडत. सामान्य उंदरांना तेवढी एक खूण पुरे. २००७ साली तोच घटक डेंटेट गायरसमधून काढला, तेव्हा दोन सारख्या खोल्यांतील फरक ओळखणे उंदरांना जड गेले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही दोन कामे परस्परविरुद्ध दिशांनी ओढतात. समोर आलेला अनुभव 'जुनाच आहे' असे पूर्ती सुचविते, तर 'हा नवा आहे' असे पृथक्करण सुचविते. दोहोंच्या समतोलास आपण स्मृती म्हणतो. वार्धक्यात हा तोल पूर्तीकडे झुकतो. वृद्धांना नित्याच्या वस्तूंची चित्रे दाखवून पुढे त्याच वस्तूंशी मिळतीजुळती, पण किंचित निराळी चित्रे दाखविली, तर तरुणांच्या तुलनेत ते 'हे पाहिलेलेच आहे' असे अधिक वेळा म्हणतात. अगदी नवे चित्र मात्र ते बरोबर ओळखतात. आता आप्पांचा उलगडा होतो. हरिपाठाच्या आरंभावरून पुढचे सारे उभे राहणे ही पूर्ती, आणि ती शाबूत होती. त्याच वाटेवरच्या, त्याच मुक्कामाच्या दोन वाऱ्या, आणि त्याच वेळच्या दोन गोळ्या वेगळ्या ठेवणे हे पृथक्करण, आणि ते ढळले होते. आम्ही जे शाबूत होते तेच तपासले आणि निर्वाळा दिला.

चरकाचार्यांशी प्रामाणिक राहून

एवढे वाचून एखादे वैद्यमित्र म्हणतील की यात नवे ते काय? चरकसंहितेच्या शारीरस्थानात, पहिल्याच अध्यायात, स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे आहेत. निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, विपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत. त्यातील सादृश्य म्हणजे पूर्ती आणि विपर्यय म्हणजे पृथक्करण, झाले! आम्हांसही प्रथम हा मोह झाला होता.

परंतु ग्रंथ शांतपणे पाहता हे समीकरण टिकत नाही. ही आठही कारणे स्मरण होण्याची आहेत. पित्यासारखा मनुष्य दिसल्यावर पिता आठवतो, ते सादृश्याने. अत्यंत कुरूप पाहून सुरूपाची आठवण होते, ती विपर्ययाने. म्हणजे विपर्ययदेखील आठवण जागविणारी खूणच आहे. दोन सारख्या अनुभवांच्या नोंदी मुळातच वेगळ्या पाडण्याची क्रिया त्या शब्दात अभिप्रेत नाही. सादृश्याचे पूर्तीशी नाते जोडता येईल, तेही कार्यापुरते. कोणती पेशी कोणत्या पेशीस जोडली आहे, हा त्या अध्यायाचा विषयच नव्हे.

हे मान्य केल्याने चरकाचार्यांचे मोठेपण उणे होत नाही. स्मरणास खूण लागते, खुणांचे प्रकार असतात, मनाची एकाग्रता आणि अभ्यास ही स्वतंत्र कारणे आहेत, हे इतक्या नेमकेपणाने वर्गीकृत करणे ही असामान्य बुद्धीची साक्ष आहे. पण अर्धे साम्य दिसताच उरलेले चित्र आपल्या जुन्या ज्ञानातून भरून काढणे आणि 'हे तेच आहे' असे म्हणणे, ही पृथक्करणावाचून झालेली पूर्ती आहे. वृद्धांच्या ज्या दोषाची चर्चा वर केली, तोच दोष एका शास्त्रास जडला, तर त्यास नवे काही शिकता येणार नाही. म्हणून परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच या सवयीविरुद्ध प्रथम बोलले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

परंपरेचे खरे सामर्थ्य कोठे दिसते, याचे एक उदाहरण आमच्या शेजारचे आहे. खंडाळ्याहून खंबाटकी घाट ओलांडला की वाई. कृष्णाकाठच्या या गावास वेदशास्त्राध्ययनाची दीर्घ परंपरा आहे. वेदपठणात सर्वांत मोठे संकट विसरण्याचे नसून घसरण्याचे असते. एकच शब्दसमूह निरनिराळ्या स्थळी किंचित फरकाने येतो, आणि पाठक एका स्थळावरून नकळत दुसऱ्या स्थळी जातो. गणेशोत्सवात एका आरतीतून दुसरीत शिरणाऱ्या मंडळींना हे निराळे सांगावयास नको. यावर प्राचीनांनी उपाय योजला तो विकृतिपाठांचा. घनपाठात पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पहिले-दुसरे-तिसरे, तिसरे-दुसरे-पहिले आणि पुन्हा पहिले-दुसरे-तिसरे, अशा क्रमाने पदे म्हटली जातात. प्रत्येक पद मागच्या-पुढच्या पदांशी दोन्ही दिशांनी बांधले गेल्यामुळे सारखे दिसणारे स्थळही स्वतःच्या शेजाऱ्यांवरून वेगळे ओळखता येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात यजुर्वेदाच्या २१ पंडितांच्या मेंदूंचे चुंबकीय चित्रण मानेसरच्या राष्ट्रीय मस्तिष्क संशोधन केंद्रात करण्यात आले. तुलनेसाठी घेतलेल्या व्यक्तींपेक्षा त्यांच्या मेंदूतील भाषेशी व स्मृतीशी निगडित भागांत, हिप्पोकॅम्पस धरून, करडे द्रव्य अधिक आढळले. पठणामुळेच हे घडले असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कारण ही तुलना एकाच वेळची आहे. तथापि 'अभ्यास' या चरकोक्त कारणाचा विचार करणाऱ्यास हे निरीक्षण निश्चित मोलाचे आहे.

बाटलीविषयी

आता त्या बाटलीकडे वळू. चरकसंहितेत मेध्य रसायने म्हणून चार द्रव्ये सांगितली आहेत. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. या चारांत ब्राह्मी नाही, हे अनेकांच्या ध्यानात नसते. शिवाय बाजारात ब्राह्मी म्हणून कोठे बकोपा मोनिएरी ही जलब्राह्मी, तर कोठे सेंटेला एशियाटिका म्हणजे मंडूकपर्णीच मिळते. शंखपुष्पी या नावाखाली तर कॉन्व्होल्व्ह्युलस, विष्णुक्रांता, गोकर्ण अशा निरनिराळ्या वनस्पती खपतात. स्मृतीच्या औषधांतच पृथक्करणाचा हा अभाव असावा, यास काय म्हणावे?

जलब्राह्मीवर मानवी प्रयोग झाले आहेत आणि ते आश्वासक आहेत. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात ४० ते ६५ वयोगटातील ७६ व्यक्तींना तीन महिने ती किंवा तिच्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. ब्राह्मी घेणाऱ्यांत नव्या माहितीचा विसर पडण्याचे प्रमाण घटले, पण शिकण्याचा वेग बदलला नाही. हा निष्कर्ष आपण अवश्य सांगावा, परंतु आहे तेवढाच सांगावा. कालची व आजची गोळी वेगळी ठेवता येईल, असे त्यातून निघत नाही.

'मेंदूस उत्तेजन देणारे' हे जाहिरातीतील विशेषणही तपासून घ्यावे. ज्या वृद्धांत स्मृतिदोषाचा आरंभ झालेला असतो, त्यांच्या डेंटेट गायरस व सीए-३ भागांत क्रिया कमी नसून अतिरिक्त आढळते. २०१२ सालच्या एका प्रयोगात अपस्मारावरील एका औषधाच्या अल्प मात्रेने ही अतिरिक्त क्रिया घटली, आणि सदृश चित्रांतील भेद ओळखण्याची क्षमता सुधारली. ही बाब संशोधनाची आहे, आपल्या चिकित्सालयात अनुसरण्याची नव्हे. पण दोषाची वृद्धी आणि क्षय यांचा विचार ज्या शास्त्राचा पाया आहे, त्याच्या उपासकांनी प्रत्येक विस्मरणास 'क्षय' समजून बृंहण करीत सुटू नये, एवढा बोध त्यातून घेता येतो.

आपण काय करावे

आमच्या अल्प अनुभवातून काही सूचना येथे नोंदवितो.

पहिली सूचना प्रश्नपरीक्षेची. 'विसरता का?' हा एकच प्रश्न पुरेसा नाही. अर्धी खूण दिल्यावर पुढचे आठवते का, हे पाहावे. त्याचबरोबर दोन सारख्या प्रसंगांची सरमिसळ होते का, हेही विचारावे. गेल्या आठवड्याचा बाजार आणि या आठवड्याचा, एका पुतण्याचे लग्न आणि दुसऱ्याचे, सकाळचे औषध आणि कालचे. हा प्रश्न रुग्णाइतकाच घरच्यांना विचारावा, कारण सरमिसळ झालेल्यास ती झाल्याचे कळत नाही.

दुसरी सूचना कारण शोधण्याची. जीवनसत्त्व बी-१२ ची उणीव, थायरॉइडचे विकार, पांडू, रक्तशर्करेचे चढउतार, निद्रानाश, ऐकू कमी येणे, खिन्नता आणि झोपेच्या गोळ्या ही विस्मरणाची कारणे तपासता येण्याजोगी आहेत, आणि त्यातील बरीचशी सुधारता येतात. नित्य व्यवहार अडू लागला असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. काही तासांत किंवा दिवसांत वागणे एकाएकी बदलले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. रुग्ण पाठविण्यात वैद्याचा कमीपणा नाही.

तिसरी सूचना सोपी आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. मेंदूकडून जे पृथक्करण होत नाही, ते बाहेर करून द्यावे. सात वारांचे सात कप्पे असलेली डबी आणावी, नाहीतर भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोळी घेताच त्या तारखेवर खूण करावी. पट्टी रुग्णाच्या हाती न ठेवता घरच्यांनी एका वेळची गोळी वाटीत काढून द्यावी. आप्पांच्या घरी त्या घटनेनंतर डबी आली, आणि पुन्हा तसा प्रसंग घडला नाही. ती डबी आम्ही पहिल्याच भेटीत सुचवू शकलो असतो.

चौथी सूचना विहाराची. २०११ साली अमेरिकेत १२० वृद्धांवर झालेल्या प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे दोन टक्के वाढला, तर केवळ ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा घटला. चालण्याचा उपदेश आपण मधुमेहासाठी करतोच, तो स्मृतीसाठीही करावा. विद्यार्थ्यांना पुरेशी निद्रा, आणि पुस्तक मिटून स्वतःस प्रश्न विचारण्याचा अभ्यास सांगावा. औषध दिलेच तर वनस्पतीचे नेमके नाव लिहून द्यावे, आणि परीक्षेतील गुणांचे आश्वासन देऊ नये.

शेवटची सूचना आपल्या स्वतःच्या स्मृतीविषयी. सांधा सुजलेला पाहताच आमवात आठवणे ही पूर्ती. तेथे थांबून वातरक्त, संधिगत वात यांपासून त्यास वेगळे करणे हे पृथक्करण. सापेक्ष निदान म्हणून आपण महाविद्यालयात जे शिकलो, ते हेच. वीस-पंचवीस वर्षे चिकित्सा केल्यावर पहिले काम आपोआप होऊ लागते आणि दुसऱ्याचा कंटाळा येतो. 'असे रुग्ण पुष्कळ पाहिले' हे वाक्य मनात आले की आम्ही आता लेखणी खाली ठेवतो आणि एक प्रश्न अधिक विचारतो. आप्पांच्या वेळी तो विचारला नव्हता.

संघटनेच्या सभासदांनी आपापल्या चिकित्सालयातील विस्मरणाच्या रुग्णांची अशी दुहेरी नोंद ठेवावी, आणि वर्षअखेरीस ती याच अंकांतून एकमेकांपुढे मांडावी, ही नम्र विनंती. त्यातून मोठा सिद्धांत निघेलच असे नाही. पण एखाद्या घरातील दुबार घेतली जाणारी गोळी वेळीच थांबली, तरी त्या नोंदींचे चीज झाले, असे आम्ही मानू.